माश्या मारण्याआधी

मराठीत माशीच्या वाट्याला क्वचितच चांगला शब्द येतो. काम अडलं की माशी शिंकली. रिकामटेकडा माणूस माश्या मारत बसतो, तापट माणूस नाकावर माशी बसू देत नाही, आणि सुरुवातच फसली तर ‘प्रथमग्रासे मक्षिकापातः’. ही बदनामी आता आपण गॅलरीतल्या कुंड्यांपर्यंत आणून पोचवली आहे. झेंडूवर चार माश्या दिसल्या, की त्या कुठल्या आणि कशासाठी आल्या हे बघायच्या आत हात स्प्रेच्या बाटलीकडे जातो.

माझ्या मते हा निव्वळ आळस आहे. माशी वाचवायची असो की मारायची, ती काय करते आहे हे आधी बघावंच लागतं.

सिरफिड माशीचंच घ्या. ही पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची माशी फुलासमोर हवेत एका जागी थबकून राहते. तिला बघून लोक गांधीलमाशी समजून घाबरतात, आणि तिला तेच हवं असतं. तिला नांगी नाही, ती चावत नाही. पट्टे म्हणजे पक्ष्यांना फसवण्यासाठी चढवलेला उसना गणवेश आहे. ती स्वतः परागकण आणि मधुरस खाते, पण अंडी घालते ती मावा पडलेल्या फांदीवर. तिथे जन्मणारी बिनपायाची अळी वाढता वाढता शेकडो मावा फस्त करू शकते. आपण मात्र ती गिळगिळीत अळी बघतो, किळस करतो आणि फवारतो. मावा मरतो, अळीही मरते. पण माव्याची मादी नराशिवायच पिल्लांना जन्म देते, त्यामुळे मावा झपाट्याने परत येतो. त्याला खाणारी फौज तेवढ्या वेगाने परतत नाही. मग आपण दुसरी बाटली मागवतो.

आता जिचं नाव काढलं तरी नाक मुरडलं जातं, ती लाल डोळ्यांची, चकचकीत निळी-हिरवी माशी घेऊ. ती सडक्या मांसावर अंडी घालते हे खरं. पण पानावर निवांत बसलेली असताना ती कधी कधी तोंडातून पाण्याचा थेंब बाहेर काढते, आत घेते, पुन्हा बाहेर काढते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसलं, की बाहेर आलेला थेंब बाष्पीभवनाने गार होतो आणि तो परत आत घेतला की माशीचं अंगही गार होतं. एसी शिवाय उकाड्याशी जमवून घेणारा हा जीव आंब्याच्या मोहोरावरही येतो. आंब्याचं परागीभवन मोठ्या प्रमाणात माश्याच करतात. हापूसवर आपण जीव टाकतो, पण तो लागावा म्हणून मोहोरावर राबणाऱ्या माशीला नाही विचारत.

‘माश्या रोग पसरवतात, त्याचं काय?’ घरमाशी पसरवते, यात वाद नाही. ती शेण-कचऱ्यावर वाढते आणि तिथले जंतू पायांवरून ताटापर्यंत आणते. ती पाय सारखे चोळते, कारण तिची चव कळण्याची इंद्रियं पायांवरही असतात आणि ती साफ ठेवावी लागतात. पण तिचा बंदोबस्त कचऱ्याच्या डब्याला झाकण लावून होतो. गुलाबावर विष मारून कचराकुंडीतली माशी कमी होत नाही.

आणि फळमाशी? ती खरोखर शत्रू आहे; पिकत्या आंब्यात अंडी घालून फळ आतून नासवते. तिच्याविरुद्धचं चांगलं हत्यारही तिच्याकडे बघूनच सापडलं. भारतात काम करणाऱ्या एफ. एम. हाऊलेट या कीटकशास्त्रज्ञाने १९१२ साली नोंदवलं, की सिट्रोनेलाच्या तेलाकडे फळमाशीचे नर ओढले जातात. १९१५ साली त्याने त्यामागचं रसायन दाखवलं: मिथाइल युजेनॉल. हे आपल्या तुळशीतही असतं. नर ते अधाशासारखं खातो, कारण त्यातूनच तो मादीला भुलवणारा गंध तयार करतो. आज आंब्याच्या बागांत टांगलेले सापळे याच वेडावर चालतात. विष असतं ते सापळ्याच्या आत, त्यामुळे मोहोरावरच्या बाकी माश्या वाचतात.

न बघता मारण्याचा हिशेबही झालेला आहे. अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात, घरांच्या अंगणात लावलेल्या निळ्या दिव्याच्या विजेच्या सापळ्यांत मेलेले कीटक संशोधकांनी मोजले. १९९६ साली आलेल्या त्या अभ्यासात १३,७८९ कीटकांपैकी माणसाला चावणारे निघाले अवघे ३१. उरलेल्यांत दुसऱ्या किडींना खाणारे कितीतरी होते. अंगणातला तडतड आवाज ऐकून मालकाला मात्र वाटत असणार, डास मरताहेत.

‘मधमाशी वाचवा’ म्हणणं सोपं आहे. ती मध देते, टी-शर्टवर गोंडस दिसते. निसर्गावरचं प्रेम खरं आहे की नाही, याची परीक्षा ज्या जिवाची किळस येते त्याच्यापाशी होते. माशीवर प्रेम करा असं माझं म्हणणं नाहीच. फवारण्याआधी पाच मिनिटं फक्त बघा. हातात कॅमेरा आहेच, झूम करा. माशी हवेत थबकते आहे का? पानाखाली मावा आहे का, आणि त्याला कुणी खातंय का? कुंडीतली थोडी कोथिंबीर, थोडा शेपू न खुडता फुलू द्या. सिरफिड माश्यांना ती बारीक फुलं आवडतात.

एवढं बघूनही माशी मारावीशी वाटली, तर निदान कुठली मारतो आहोत हे तरी कळेल.