पाकिटावर चित्र, वखारीची भिंत कोरी

संपादकानं सांगितलं, ‘तंबाखूवर लिही. व्यसनमुक्तीचा अंक काढतोय. तू खातोस, तूच लिही.’ बरं. लिहितो. पण कविता देणार नाही. कवितेत ठसका येत नाही.

गेल्या महिन्यातल्या बैठकीत ठराव आला, की चळवळीतल्या पोरांनी तंबाखू, विडी, गुटखा सोडावा. सगळ्यांनी हात वर केले. गुटख्याला २०१२ पासून राज्यात बंदी आहे आणि ज्याच्या खिशात पुडी होती त्याचाच हात सर्वांत उंच होता, ते सोडा. मी हात अर्धाच वर केला. शेजारचा म्हणाला, ‘कामावरून दमून आलाय वाटतं.’ दमलो होतोच. गोदीत दिवसभर पाठ मोडून आलो होतो. पण हात त्याच्यामुळं अडला नव्हता.

निपाणीपासून पायी दीड तासावर आमचं मूळ गाव. कर्नाटकात मोडतं, बोलतं मराठी. आज्जीच्या खोपटामागं न्हाणीच्या सांडपाण्यावर दहा-बारा तंबाखूची झाडं असायची. विकायला नाही, घरात खायला. तंबाखूचं बी इतकं बारीक, की एका ग्रॅमात दहा हजारांच्या वर बसतं. आज्जी ते राखेत कालवून फेकायची, तरवा धरायची, पावसाळा उतरताना लावायची. फूल धरायला लागलं की शेंडा खुडायचा. बगलेतले फुटवे काढत राहायचे, नाहीतर पानात जोर उतरत नाही. खुडताना हाताला काळा चीक बसतो. तो राखेनं घासून काढल्याशिवाय भाकरीला हात लावला, तर भाकर कडूजहर. आणि दंवानं ओल्या झालेल्या पानात तासभर वावरलं की घेरी येते, ओकारी येते. आज्जी म्हणायची, ‘पाला चढला.’ त्या ओल्या पानातलं निकोटिन कातडीतून थेट रक्तात जातं, हे मी फार पुढं वाचलं. खायची गरज नाही, ओढायची गरज नाही. हात लावला, बस.

पानावर तांबूस ठिपके उठले की झाड बुडातून कापायचं, जमिनीवर आडवं घालायचं, उलटंपालटं करत वाळवायचं. वाळलेलं पान दुपारी पापडासारखं मोडतं आणि पहाटे दंव पिऊन चामड्यासारखं मऊ होतं. सगळी अक्कल या दोन वेळांत आहे. उचलायचं, रचायचं, शिर ओढून काढायची ती पहाटे. चुरायचं ते भर उन्हात. वेळ चुकली तर पहाटेचा चुरा होत नाही आणि दुपारी उचललेल्याचा रस्ताभर भुगा होतो. मधल्या काळात पाला ढीग करून पोत्याखाली दाबून ठेवायचा. ढीग आतून तापतो. हात घालून बघायचा, चटका बसला की ढीग मोडायचा, आतला बाहेर, बाहेरचा आत. असं केल्याशिवाय कच्चा उग्रपणा जात नाही.

चुरणं म्हणजे आज्जीचे दोन तळहात. यंत्र नाही, विळी नाही. चुरून चाळणीत टाकायचं. वर राहते ती काडी, खाली पडतो तो जर्दा, आणि जर्दा पुन्हा बारीक चाळणीतून काढला की गळते ती भुकटी. घरच्या तंबाखूत काही वाया नाही. जर्दा चुना लावून मळायला. भुकटी तव्यावर काळी करून मिश्रीला. काड्या पाण्यात भिजवून ते पाणी मिरचीवर, माव्यासाठी.

आणि साठवण. मूठभर जर्दा दाबायचा आणि मूठ उघडायची. तो हळूहळू उलगडला पाहिजे. गोळा तसाच राहिला तर बुरशी येणार, लगेच विस्कटला तर उडून जाणार. मग मडक्यात दाबून भरायचा, फडक्यानं तोंड बांधायचं, वरून शेणानं लिंपायचं आणि मडकं उतरंडीच्या मधल्या जागी ठेवायचं, जिथं ना चुलीची धग ना भिंतीची ओल. तरीही एक तांबूस किडा येतोच, जोंधळ्याच्या दाण्याहून लहान. पानाला सुईनं टोचल्यासारखी भोकं पाडतो. हाच किडा हळदीच्या पोत्यात, मिरचीच्या पोत्यात. एवढं विष पचवून जगणारा तो किडा आणि दुसरे आम्ही.

हे सगळं प्रेमानं लिहिलंय, मला माहीत आहे. मडक्याचं तोंड फोडल्यावर येणारा तो वास अजून माझ्या नाकात आहे. पण दहा झाडांची गोष्ट आणि वखारीची गोष्ट एक नाही.

आज्जी वखारीत लागली ती १९७१ च्या सुमाराला. पहाटे निघायची, आमच्या वस्तीतल्या, मांगवाड्यातल्या, मुसलमान मोहल्ल्यातल्या बायकांच्या घोळक्यात. त्यांत यल्लम्माला सोडलेल्याही होत्या. वखारीत काम तेच, जे घरी. बडवा, चुरा, चाळा, पाखडा, पोती भरा. फक्त दहा झाडांच्या जागी डोंगर. आणि घरी जे अंगणात वारा बघून व्हायचं, ते तिथं दारं-खिडक्या बंद करून. का बंद? वाऱ्यानं भुकटी उडते. भुकटी म्हणजे मालकाचा माल. बाईच्या छातीत गेलेली भुकटी मात्र कुणी तोट्यात धरली नाही. नाकातोंडाला पदर. पोरं तिथंच पोत्यांवर झोपवलेली. माझा बाप तसाच वाढला.

संध्याकाळी एस.टी.त तिच्याशेजारी कुणी बसायचं नाही. वासामुळं की जातीमुळं, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. मी विचारलं होतं. म्हणाली, ‘आरं, जागा रिकामी मिळायची, मी पाय लांब करून बसायची.’

आता हिशेब बघा. १९४३ साली इंग्रजानं तंबाखूवर अबकारी बसवली. इंग्रज गेला, अबकारी राहिली. पुढं १९७९ पर्यंत कच्च्या पाल्यावर कर होता. किती पिकवलं, किती वाळवलं, कुठल्या वखारीत किती पोती, सगळं वहीत. सरकारचा माणूस वखारीत यायचा, वजन करायचा, कुलपं बघायचा. म्हणजे छत्तीस वर्षं सरकार त्या दारातून आत जात होतं. आत बायका खोकत होत्या. त्याच्या वहीत खोकल्याचा रकाना नव्हता.

१९८१ साली निपाणीत शेतकरी उठला. शरद जोशी आले, तंबाखूला भाव मागत पुणे-बंगलोर रस्ता आठवडे अडवून धरला, आणि ६ एप्रिलला गोळीबार झाला. बारा शेतकरी गेले. त्यांचं रक्त खोटं म्हणणारा मी कोण? त्यांच्या बाजूला मी आहेच. वखारीतल्या बायकांची संघटनाही त्याच सुमाराला प्रा. सुभाष जोशींनी बांधली, अनिल अवचटांनी त्या बायकांवर लिहिलं, हेही विसरत नाही. मजुरी वाढली, मुकादमाची जीभ जरा आवरली. पण भावाच्या भांडणात भाव पाल्याचा होता. पाला चुरणाऱ्या छातीचा भाव त्या भांडणात नव्हता.

आज्जीच्या गालात आतून पांढरा चट्टा उठला तेव्हा मी दहावीत होतो. जिल्ह्याच्या ठिकाणी एका दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होता, वाईट नव्हता. त्यानं भिंतीवरचं चित्र दाखवलं, सडलेला जबडा, आणि ओरडून सांगितलं, ‘आज्जी, तंबाखू सोडायची!’ आज्जी म्हणाली, ‘खायची सोडीन साहेब. पण तीस वर्सं हुंगली ती कशी सोडू?’ डॉक्टर हसला. मीही हसलो. आज लाज वाटते. त्याच्या कागदावर ‘व्यसन : तंबाखू’ असं लिहिलेलं होतं. ‘धंदा’ म्हणून रकाना होता, त्यात लिहिलं होतं ‘घरकाम’. त्यानंतर ती दोन वर्षं जगली.

आता गोदीतली गोष्ट. कधीकधी मला कंटेनरच्या यार्डात धाडतात. धान्य, मसाला, लाकूड, असल्या मालात किडा होऊ नये म्हणून बंद कंटेनरात विषारी धूर सोडतात. ज्या कंटेनरात धूर आहे त्याच्या दारावर पाटी असते. कवटी, दोन हाडं, तारीख, वेळ, आत जाऊ नका. ती पाटी काढल्याशिवाय आम्ही दार उघडत नाही. चांगली गोष्ट आहे. पहिल्यांदा ती पाटी बघितली तेव्हा मी दाराशी तसाच उभा राहिलो. किडा मारायच्या विषावर कवटी आहे, मग आज्जी ज्या दारातून तीस वर्षं आत गेली त्या दारावर काय होतं? मालकाचं नाव आणि शुभ-लाभ.

२००९ पासून पाकिटावर चित्र आलं. २०१६ पासून पाकिटाच्या दर्शनी बाजूंचा ८५ टक्के भाग चित्र आणि इशाऱ्यानं व्यापायचा असा नियम झाला. ओढणाऱ्याला सांगितलं, मरशील. खाणाऱ्याला सांगितलं, मरशील. पण पाकीट शेवटी येतं. पाकिटाच्या आधी पोतं आहे, पोत्याच्या आधी चाळणी, चाळणीच्या आधी तळहात. तिथं एक टक्कासुद्धा चित्र नाही. २०२५ च्या सप्टेंबरात जीएसटी परिषदेनं विडीवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणायचं ठरवलं. त्यावर पेपरांत दोन बाजू झाल्या. एक म्हणे विडी स्वस्त झाली, गरीब मरेल. दुसरी म्हणे विडीचा धंदा जगेल, गरीब जगेल. दोन्हीकडून गरीबच बोलत होता, आणि दोन्हीकडे तो हजर नव्हता.

मित्रांनो, आपला ठराव त्याच जातीचा आहे म्हणून माझा हात अडला. तंबाखू वाईट आहे, मान्य. चुना लावला की तिचं निकोटिन मोकळं होऊन रक्तात लवकर उतरतं, हे मी रोज दुपारी गालात अनुभवतो. मी सोडायला बघतोय. पाच दिवस सोडली होती, सहाव्या दिवशी रात्रपाळी लागली. पण सोडा म्हणणं सोपं आहे, त्याला पैसा पडत नाही. पांढरपेशा डॉक्टर आज्जीला जे बोलला तेच आपण आपल्या पोरांना बोलणार असू, तर आपल्या अंकाची गरज काय? त्याच्या भिंतीवर चित्र आहेच.

कुणी म्हणेल, आता निपाणी पट्ट्यात बरीचशी तंबाखू जाऊन ऊस, सोयाबीन आलंय, वखारी कमी झाल्या, जुनं काय उकरतोस? अरे, वखार बंद पडली म्हणजे छातीतली भुकटी परत मालकाकडं जाते काय? वखारीतून घरी बसवलेल्या बायका अजून जिवंत आहेत. रात्री त्यांचा खोकला आख्ख्या गल्लीला ऐकू येतो. आणि जिथं चाळणी अजून हलते, तिथं पदरच बांधलेला आहे.

म्हणून माझी दुरुस्ती लेखी देतोय. ठरावात पहिलं कलम हे घाला : जिथं तंबाखू चुरली, चाळली, भरली जाते तिथं हवा खेचणारा पंखा, नाकाला नीट पट्टी, हाताला मोजे, आणि वर्षाला एकदा छातीची आणि तोंडाची तपासणी मालकाच्या खर्चानं. दुसरं : जुन्या कामगार बायकांच्या केसपेपरावर धंद्याच्या रकान्यात ‘तंबाखू वखार’ असं लिहिलं जावं, ‘घरकाम’ नाही. यासाठी आपल्यातले दोघंजण निपाणीला जाऊन नावं गोळा करतील. एक मी, रजा बुडवून. दुसरा कोण ते बैठकीत ठरवा. तिसरं कलम तुमचं, तंबाखू सोडण्याचं, आहे तसं ठेवा.

या क्रमानं ठराव आला तर हात पूर्ण वर करीन. नाहीतर माझी सही घालू नका.