चरबी, मेण आणि भरवसा

इतिहासाचे सर रजेवर होते, म्हणून निलंग्यात आठवीच्या वर्गावर मी गेलो. धडा १८५७ चा. एका मुलाने विचारले, "सर, बंदुकीला चरबी लागतेच कशाला?"

प्रश्न रास्त होता. एनफिल्ड ही ठासणीची बंदूक. काडतुसाचा कागद दातांनी फाडायचा, दारू नळीत ओतायची आणि गोळी कागदासकट गजाने ठासायची. कागदाला चरबी असली की गोळी सहज सरकते, जळलेल्या दारूचा थर मऊ राहतो. हे काम मेण आणि तेलानेही होते. त्यात ना गाय, ना डुक्कर.

सरकारलाही हे ठाऊक होते. जानेवारी १८५७ च्या अखेरीस शिपायांना आपल्या पसंतीचे वंगण लावण्याची मुभा मिळाली. पण लवकरच शंका खुद्द कागदावरच आली. २४ एप्रिलला मेरठच्या ८५ स्वारांनी काडतुसे नाकारली, तेव्हा ती जुन्याच पद्धतीची होती. नाकारणाऱ्यांत हिंदू होते, मुसलमानही होते.

शिपाई अफवेला भुलले, असे आपण मुलांना सांगतो. मला हे अर्धेच खरे वाटते. चरबी कोणत्या जनावराची, याची खातरजमा आधी कोणी केलीच नव्हती. समोरच्याच्या तोंडात जे जाणार, ते त्याला आधी विचारावे लागते. मागाहून दिलेल्या शुद्ध मेणाने तुटलेला भरवसा सांधत नाही.

"आमच्यात हे चालत नाही" म्हणणारा शेजारी कोणत्याही धर्माचा असो, त्याला हसण्याआधी आपण एवढे आठवावे.