कारागिरीचें कौतुक आणि कारागिराचें पोट

गेल्या पावसाळ्यांत आमच्या शहरांत एक व्याख्यान झालें. विषय होता, 'आपली लोपत चाललेली काष्ठकला'. वक्ते विद्वान होते, श्रोते आमच्यासारखे पांढरपेशे होते, आणि व्यासपीठाच्या एका बाजूस वांकस, रंधा, करवत, गिरमीट, पटाशी अशीं जुनीं हत्यारें लाल मखमलीवर मांडून ठेविलीं होतीं. त्यांतील एकाहि पटाशीला धार नव्हती. सुताराची विद्या पिढ्यानुपिढ्या बापाकडून मुलाकडे येत असे, ती परंपरा इंग्रजी शिक्षणानें आणि यंत्रानें मोडली, यास्तव सुतारांच्या मुलांनीं पुनः बापाच्या धंद्याकडे वळावें, असा उपदेश करून वक्त्यांनीं भाषण संपविलें. टाळ्या पुष्कळ झाल्या. मींहि वाजविल्या. घरीं परततांना मात्र त्या टाळ्यांची मला लाज वाटूं लागली. ती कां वाटली, तें सांगण्यासाठीं हा लेखप्रपंच.

जें कबूल करावयाचें तें आधींच कबूल करतों. ही विद्या थोर आहे, याविषयीं माझा वक्त्यांशीं वाद नाहीं. माझ्या बाळपणीं आमच्या गांवच्या सुतारकाकांना गाडीचें चाक करतांना मीं तासन् तास पाहिलें आहे. तुंब्यासाठीं बाभळीचा ओंडका निवडावयाचा तो आधीं सुकवून ठेविलेला असे. ओल्या लांकडाचा तुंबा पुढें तडकतो आणि आरे खिळखिळे होतात. आरे तासतांना काका लांकडाच्या रेषेकडे पाहात. उलट रेषेनें रंधा घातला कीं लांकूड उचकटतें, हें त्यांनीं मला एकदां माझ्याच हातानें करून दाखविलें, आणि वाया गेलेल्या तुकड्याबद्दल रागावले नाहींत. शेवटीं लोखंडी धाव शेणीच्या जाळांत लाल करून चाकावर बसवीत आणि वरून पाणी ओतीत. धाव आंवळली कीं सारे सांधे करकरत घट्ट बसत. त्यांत खिळा नसे, सरस नसे. धाव किती लहान ठेवावयाची हा अंदाज चुकला तर चाक एक तर सैल राहावें, नाहीं तर वांकडें व्हावें. आणि हा अंदाज कोणत्याहि पुस्तकांत लिहिलेला नव्हता.

डेव्हिड पाय नांवाच्या इंग्रज कारागिरानें, जो लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्यें प्राध्यापकहि होता, १९६८ सालीं कारागिरीवर एक लहानसें पुस्तक लिहिलें. हातकाम आणि यंत्रकाम हा भेद त्याला पोकळ वाटतो. त्याच्या मतें खरा भेद जोखमीचा आहे. एका कामांत फळ आरंभींच निश्चित झालेलें असतें. दुसऱ्यांत तें शेवटच्या क्षणापर्यंत करणाऱ्याच्या लक्षावर आणि हातावर टांगलेलें असतें. सुतारकाकांचें चाक दुसऱ्या जातीचें. आमच्या व्याख्यात्यांना या जोखमीचें अगत्य असतें, तर जोखीम पत्करणाऱ्याला काय मिळत होतें हेंहि त्यांनीं विचारलें असतें.

काय मिळत होतें? बलुतें. सुगीच्या दिवसांत खळ्यावर जाऊन उभें राहावयाचें आणि रूढीनें ठरलेला धान्याचा वाटा घ्यावयाचा. वर्षभर नांगर, पाभर, कुळव दुरुस्त करावयाचे ते त्याच वाट्यांत. कसब वाढलें म्हणून वाटा वाढत नव्हता. ज्या वर्षीं पीक बुडालें त्या वर्षीं सुताराचें कसबहि बुडालें. या व्यवस्थेला 'परस्परावलंबनाचें सुंदर जाळें' म्हणावयाचें असेल तर म्हणावें, परंतु तें म्हणणारा खळ्याच्या कोणत्या बाजूस उभा होता, तेंहि सांगावें.

वंशपरंपरेचें हें स्तोत्र आमच्या वक्त्यांनीं नव्यानें रचलेलें नाहीं. आनंद कुमारस्वामींनीं १९०९ सालीं 'द इंडियन क्राफ्ट्समन' या ग्रंथांत वंशपरंपरागत कारागिराचें मोठें रमणीय चित्र काढलें. त्या ग्रंथाला प्रस्तावना लिहिली होती सी. आर. ॲशबी यांनीं. या ॲशबींनीं १८८८ सालीं लंडनच्या गरीब वस्तींत कारागिरांचा एक संघ काढला होता, आणि १९०२ सालीं तो चिपिंग कॅम्पडन या खेड्यांत नेला. माणूस खरा तळमळीचा. त्याची थट्टा मला करवत नाहीं. परंतु सहासात वर्षांच्या आंतच तो संघ दिवाळ्यांत निघाला. हवा शुद्ध होती, हत्यारें उत्तम होतीं, हेतु तर त्याहून उत्तम होता. गिऱ्हाईक मात्र पुरेसें नव्हतें. स्वतःच्या देशांत ज्याचा संघ नुकताच बुडाला होता, त्यानें हिंदुस्थानच्या कारागिराच्या स्थैर्याविषयींच्या ग्रंथाला प्रस्तावना लिहावी, यांतील करुण विनोद आमच्याकडे फारसा कोणी पाहिला नाहीं.

आणि तें स्थैर्य तरी कसलें! डॉ. आंबेडकरांनीं १९३६ सालीं जातिनिर्मूलनावरील आपल्या न दिलेल्या भाषणांत या युक्तिवादाचें मूळच उपटून टाकलें. जन्मानें ठरलेल्या धंद्यांत माणसाची आवड किंवा कुवत यांना वावच नसतो, आणि आवडीवांचून केलेल्या कामांत कसब टिकत नाहीं, हें त्यांचें म्हणणें. त्याला उत्तर देण्याचें सोडून आम्हीं त्याला वळसा घालण्याची युक्ति तेवढी शोधली. 'जात' हा शब्द गाळावयाचा आणि 'परंपरा' हा शब्द घालावयाचा, एवढीच ती युक्ति.

सरकारहि या मोहांतून सुटलेलें नाहीं. १७ सप्टेंबर २०२३ रोजीं 'पीएम विश्वकर्मा' योजना निघाली. तींत सुतारांसह अठरा धंदे आहेत. हत्यारांसाठीं पंधरा हजार रुपये आहेत, अल्प व्याजाचें कर्ज आहे, शिक्षणकाळांत भत्ता आहे. हें सारें चांगलें आहे, आणि तें मिळतें त्यानें अवश्य घ्यावें. परंतु योजनेच्या हेतूंत गुरुशिष्यपरंपरा किंवा कुटुंबपरंपरा दृढ करणें हें आलेंच. कुटुंबाची अट कशाला? ब्राह्मणाच्या, मराठ्याच्या, महाराच्या, मुसलमानाच्या ज्या पोराला रंध्याची गोडी लागेल त्याला त्या विद्येंत शिरूं द्या, आणि सुताराच्या ज्या पोराला गणिताची गोडी असेल त्याला गणितांत जाऊं द्या. विद्या रक्तांतून वाहते अशी ज्यांची श्रद्धा आहे त्यांनीं एकदां सुताराच्या तीन वर्षांच्या मुलाच्या हातांत वांकस देऊन पाहावी.

येथें एक जुनी गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. पंधराएक वर्षांपूर्वीं मी वर्गांत रस्किन शिकवीत होतों. ओघांत हाताच्या कामाच्या पावित्र्यावर बराच बोललों. मागच्या बांकावरचा एक विद्यार्थी सुताराचा मुलगा आहे हें मला ठाऊक होतें. त्याला बरें वाटावें म्हणून मीं त्याला उभें केलें आणि म्हटलें, "तुमच्या घरीं ही विद्या आहे, तिचा अभिमान बाळगा." तो खालीं पाहात उभा राहिला. तास संपल्यावर तो माझ्या खोलींत आला आणि अगदीं नम्रपणें म्हणाला, "सर, वडिलांची कंबर गेली आहे. आपला मुलगा कुठें शिकतो?" माझा मुलगा त्या वेळीं इंजिनियरिंगच्या परीक्षेची तयारी करीत होता. मीं तसें सांगितलें. "बरं, सर," एवढें बोलून तो गेला. त्यानंतर वर्गांत कोणालाहि मीं घरच्या विद्येबद्दल उभें केलेलें नाहीं.

दुसऱ्या बाजूचे लोक म्हणतील, मग रडतां कशाला? यंत्र आलें, रंधा गेला. छापखाना आल्यावर नक्कलनवीस गेले, तसें. हा युक्तिवाद ऐकावयास टणक आहे, पण आंतून भुसभुशीत आहे, आमच्या हल्लींच्या कपाटांसारखाच. भुसा आणि डिंक दाबून केलेल्या फळ्यांचीं हीं कपाटें. एका पावसाळ्यांत पाणी लागलें कीं कडा फुगतात, आणि बिजागऱ्यांचे स्क्रू हातांत येतात. दुरुस्त करावें म्हटलें तर दुरुस्त करण्याजोगें त्यांत कांहीं नसतें. उलट, पावसांत लांकूड आडवें फुगतें हें जाणून जुन्या सुतारानें दरवाज्याचा दिला चौकटीच्या खांचेंत मोकळाच ठेविला. तो फुगतो, आकसतो, आणि दार चालतें राहतें. यंत्राशीं माझें भांडण नाहीं. ओंडका यंत्रानें चिरा, आणि बारीक सांधा हातानें बसवा. आजचे जाणते सुतार हेंच करतात. भांडण आहे तें आमच्या कंजुषीशीं.

ही कंजुषी मोठी विचित्र आहे. १९६१ च्या पानशेतच्या पुरांत पुण्याचे कित्येक वाडे कोसळले, आणि पुढें उरलेले आम्हीं आपल्याच हातांनीं पाडले. तळखडे, सुरूचे खांब, हस्त, तुळया, कडीपाट, सारें जुन्या बाजारांत गेलें. आतां त्यांतलाच एखादा खांब आम्ही मागेल त्या किमतीला विकत घेतों आणि दिवाणखान्यांत उभा करतों. त्याच्यावर कांहींहि तोललेलें नसतें! आणि तोच खांब आज नव्यानें घडवून देणारा सुतार दारांत आला, तर त्याच्या रोजांत शंभर रुपयांची घासाघीस करतों.

जपानांत ईसे येथील देवालय दर वीस वर्षांनीं पुनः नवें बांधतात. मागचें २०१३ सालीं झालें, पुढचें २०३३ सालीं व्हावयाचें आहे. वीस वर्षें म्हणजे तरुण सुतारानें एकदां शिकावें, दुसऱ्यांदा करावें आणि तिसऱ्यांदा शिकवावें, इतका अवधि. तेथें विद्या मखमलीवर ठेवीत नाहींत. तिला काम देतात. फिनलंडनें १८६६ सालीं लोकशाळांतून मुलांना हातकाम सक्तीचें केलें. स्वीडनमध्यें आजहि प्रत्येक मुलगा आणि प्रत्येक मुलगी शाळेंत लांकूडकाम शिकते, मग बाप न्यायाधीश असो कीं कोळी. आम्हीं १९३७ सालीं वर्ध्यास असाच विचार मांडला होता. तो विचार पांढरपेशांनीं उचलून धरला, पण दुसऱ्यांच्या मुलांसाठीं.

आमच्या घराजवळच्या एका शाळेच्या समितीवर मी आहें. गेल्या वर्षीं तेथें मीं सूचना आणली कीं, पांचवीपासून आठवड्याला दोन तास लांकूडकाम असावें, आणि तें शिकविणाऱ्या सुताराला इतर शिक्षकांइतकेंच वेतन असावें. पहिल्या भागाला सर्वांनीं माना डोलाविल्या. दुसऱ्या भागावर सूचना फेटाळली गेली. विरोधी मत देणाऱ्यांत माझे परमस्नेही होते, आणि आमचे परवांचे वक्तेहि होते. त्यांनीं तसें मत कां दिलें, तें त्यांनीं याच मासिकांत लिहावें. संपादक त्यांना जागा नाकारणार नाहींत.