कॅफेतली बैठक आणि विहाराचं कुलूप



मागच्या महिन्यात आपल्या शहरात एका कॅफेच्या वरच्या मजल्यावर शाहिरीची बैठक झाली. चाळीस माणसं मावतील एवढी खोली, खाली गाद्या, पिवळे दिवे, माणशी ४०० रुपये तिकीट. पोस्टरवर लिहिलं होतं ‘फोक नाईट’. गाणारे शाहीर आमच्याच वस्तीतले. त्यांचं नाव इथं लिहीत नाही, पुढं जे लिहायचं आहे त्याचा त्रास त्यांना नको. आम्ही चौघं आपसात पैसे काढून गेलो.

आधी खरं ते कबूल करतो. दर जयंतीला या माणसाला ऐकत आम्ही लहानाचे मोठे झालो, पण नीट ऐकलं ते त्या रात्री पहिल्यांदा. माईक नव्हता. ढोलकीवर बोट घासल्याचा आवाजसुद्धा कानावर येत होता. कडव्याच्या शेवटी त्यांचा दम संपत येतो आणि तेवढ्यात मागचा कोरसवाला ओळ उचलतो, ही गंमत आम्हाला इतक्या वर्षांत कळलीच नव्हती. कशी कळणार? आपल्या जयंतीच्या स्टेजवर ते गातात तेव्हा चौकाच्या दुसऱ्या टोकाला डीजेची भिंत उभी असते. रमाईवरचं गाणं झालं तेव्हा आमच्यातल्या एकाने तोंड भिंतीकडं फिरवलं.

मग बिनसलं कुठं? कार्यक्रम संपल्यावर जिन्यात शाहिरांनी सहज सांगितलं. आयोजकांनी आधीच निरोप दिला होता : जरा सॉफ्ट ठेवा, आई, रमाई, निसर्ग असं चालेल, नामांतराचं आणि राजकीय काही नको. म्हणजे या शहरात बसून नामांतराचं गाणं नको! २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात ठराव झाला आणि मराठवाड्यात आपली घरं पेटली. पोचीराम कांबळे मारले गेले. १६ वर्षांनी, १४ जानेवारी १९९४ ला, विद्यापीठाच्या नावात बाबासाहेब आले, तेही नामविस्तार म्हणून. आजही १४ जानेवारीला विद्यापीठ गेटवर माणूस मावत नाही. त्या सोळा वर्षांतली गाणी वगळून ‘मराठवाड्याचं लोकसंगीत’ ऐकायचं, हे ढोलकीतली शाई खरवडून ती वाजवायला सांगण्यासारखं आहे.

‘फोक’ या शब्दाचंही असंच. लोकगीत म्हटलं की ते कुणाचंच नसतं, आपोआप उगवलेलं असतं. आपली गाणी आपोआप उगवलेली नाहीत. वामनदादा कर्डक गिरणी कामगार होते. कुणीतरी पत्र वाचून दाखवायला सांगितलं आणि वाचता आलं नाही, त्या शरमेतून ते दुकानांच्या पाट्या बघत अक्षरं शिकले. १९४३ पासून लिहायला लागले आणि आयुष्यभर गावोगाव, झोपडी-झोपडीत मुक्काम करत गात फिरले. शेवटच्या कडव्यात कवीने आपलं नाव गुंफायचं, ही आपल्या गायनाची रीत आहे. त्यामुळे गाणं कुणाचं, हे गाण्यातच लिहिलेलं असतं. पण एका मिनिटाच्या रीलमध्ये शेवटचं कडवं येत नाही. नाव तिथंच कापलं जातं आणि खाली कुणीतरी लिहितं, ‘पारंपरिक’. मालकी अशीच जाते, कागदावर कुणी सही न करता.

आणि खोली छोटी असली की ती आपोआप जवळची होते, असं समजू नका. वाड्यातली बैठकही छोटीच होती. तिथं गादीवर कोण बसायचं, दिवाणखान्यात कोण गायचं आणि हलगी-सनई घेऊन उंबऱ्याबाहेर कोण उभं राहायचं, हे गावाने ठरवलेलं होतं. समाजशास्त्राच्या पुस्तकात याला मोठमोठे शब्द आहेत, आपल्या आज्याला ते एका उंबऱ्यात कळत होतं. आज आपला शाहीर गादीवर बसतो, हा बदल खरा आहे, नाकारत नाही. पण काय गायचं हे दुसरा ठरवतो तेव्हा उंबरा तिथंच आहे, फक्त दिसत नाही.

राजकीय नको, या सूचनेमागची भीती काय आहे तेही लक्षात घ्या. एल्गार प्रकरणात कबीर कला मंचाचे सागर गोरखे, रमेश गायचोर आणि ज्योती जगताप यांना सप्टेंबर २०२० मध्ये अटक झाली आणि त्यांनी वर्षंच्या वर्षं तुरुंगात काढली. ११ जुलै १९९७ ला रमाबाई नगरात पोलिसांनी १० माणसं मारली, त्यानंतर चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःला संपवलं. शाहिरीची ही किंमत आहे. ज्यांना हे ओझं नको ते फक्त चाल उचलतात.

इथवर वाचून माना डोलावणाऱ्या मंडळाच्या कार्यकर्त्यांनो, आता तुमच्याकडे वळतो. तुमच्याकडे म्हणजे आमच्याचकडे.

कॅफेचा हिशोब मांडा. चाळीस तिकिटांचे १६ हजार. शाहीर आणि तीन साथीदारांना मिळून ६ हजार दिले, आणि त्याच रात्री खात्यावर जमा झाले. कमी दिले असं आपण म्हणू शकतो. पण गेल्या जयंतीला आमच्या मंडळाने त्याच माणसाला काय दिलं? एक शाल, एक गुलाब आणि पेट्रोलला ५०० रुपये. वर ऐकवलं, ‘दादा, समाजाचंच काम आहे.’ डीजेवाल्याला मात्र समाजाचं काम सांगायची आमची हिंमत झाली नाही. त्याचे पैसे आगाऊ गेले, रोख. चार दिवस भिंती हादरल्या, म्हाताऱ्या माणसांनी कानात कापूस घातला आणि शाहिरांना स्टेज मिळालं रात्री साडेनऊला, तेही पाहुण्यांची भाषणं लांबली म्हणून पंधरा मिनिटं.

साडेनऊ का, तर दहाला भोंगा बंद. पूर्वी वस्तीत दोन गायन पार्ट्यांचा सामना लागायचा, सवाल-जबाब पहाटेपर्यंत चालायचे, बाया लेकरं मांडीवर घेऊन बसायच्या. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद केला. नियमाला आमचा विरोध नाही, लेकरं आणि आजारी माणसं आपल्याही घरात आहेत. पण त्याचा परिणाम उलटा झाला. रात्रीचं गायन मेलं आणि संध्याकाळची डीजेची भिंत राहिली. खरं तर त्याच नियमांत बंद सभागृहाला मुभा आहे. विहाराच्या हॉलमध्ये, दार लावून, माईकशिवाय ढोलकी आणि पेटीवर पन्नास माणसांनी गाणं ऐकलं तर कुणाची झोप मोडणार आहे?

विहार आपल्याकडं आहेत. जवळजवळ प्रत्येक वस्तीत एक आहे. वंदनेपुरतं उघडतं, लग्नाला उघडतं, बाकी वेळ कुलूप. आतमध्ये सतरंज्या आहेत, पंखे आहेत, बाबासाहेबांचा फोटो आहे. ज्या छोट्या खोलीसाठी कॅफेत ४०० रुपये मोजले, तशी खोली लोकवर्गणीतून आपण कधीच बांधली आहे. आंबेडकरी जलसा असाच वाढला. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांचा जलसा वस्त्यांत, चाळींत फिरायचा. वर्तमानपत्र वाचू न शकणाऱ्या माणसाला चळवळ तिथं कळायची, कारण गाणाऱ्याला समोरच्याचा चेहरा दिसायचा आणि समोरचा मध्येच उठून प्रश्न विचारू शकायचा.

कुणी म्हणेल, पोरांना आता ढोलकी-एकतारी आवडत नाही. कडूबाई खरात कुठल्या, आपल्याच छत्रपती संभाजीनगरच्या. हातात एकतारी, मागं बँड नाही, लाइट नाही. मोबाइलवर कुणीतरी काढलेला त्यांचा व्हिडिओ महाराष्ट्रभर गेला, तो पोरांनीच नेला ना?

शासनाकडून सगळं होईल या आशेवरही राहू नका. ज्येष्ठ कलावंतांच्या मानधनाची योजना आहे, दरमहा ५ हजार रुपयांची. जरूर अर्ज भरून द्या. पण तिथं कलेचा पुरावा मागतात : कात्रणं, प्रमाणपत्रं, फोटो. ज्याला आपण चाळीस वर्षं पोस्टरवर नावसुद्धा नीट छापून दिलं नाही, तो पुरावा कुठून आणणार? निदान आपल्या मंडळाच्या लेटरहेडवर तारीखवार दाखला देणं आपल्या हातात आहे. आमच्याकडं चार शाहिरांचे असे दाखले तयार होत आहेत, ज्यांना नमुना हवा त्यांनी मागून घ्यावा.

शाहिरांनी कॅफेत जाऊ नये, असं आम्ही म्हणणार नाही. त्यांच्या पोटावर पाय द्यायचा आम्हाला काय अधिकार? जावं, चांगली बिदागी घ्यावी आणि शेवटचं कडवं नावासकट गावं. फक्त नीट ऐकून घेणारी खोली म्हणजे कॅफेच, अशी वेळ त्यांच्यावर आपण आणू नये.

आम्ही आमच्या वस्तीपुरतं ठरवलं आहे. दर पौर्णिमेला वंदना झाल्यावर विहारात दोन तास गायन. माईक नाही, भाषण नाही, सत्कार नाही. तिकीट नाही, पण दारात डबा राहील. आणि डब्यात काहीही पडो, चौघांच्या पार्टीला ४ हजार ठरलेले, उरलेली भर मंडळ घालणार. त्यासाठी पुढच्या जयंतीच्या डीजेचा एक दिवस कमी केला आहे. या ठरावावर बैठकीत दोन तास भांडण झालं, एका जणाने राजीनामा दिला, तो अजून परत घेतलेला नाही. काय गायचं ते शाहीर ठरवतील. कुणाला नामांतराचं ऐकून त्रास होत असेल तर त्यांनी आधी यावं, पुढं बसावं.

परवा शाहिरांना विचारायला गेलो. ते म्हणाले, “माईक नाही ना? मग येतो. पण पोरांनो, संध्याकाळी विहाराची किल्ली कुणाकडं असते ते आधी बघा.”

किल्ली शोधतोय. अध्यक्षांकडं नाही, सचिवांकडंही नाही.