सास्तूरच्या भिंती आणि शहरी निकाल

'किल्लारीचा भूकंप' म्हणताना धाराशिव जिल्ह्याचे नाव सहसा घेतले जात नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास भूमी हादरली, तेव्हा लातूरच्या सीमेपलीकडे तत्कालीन उमरगा तालुक्यातील सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी या गावांचाही ढिगारा झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. विसर्जन आटोपून गावे नुकती निजली होती. ६.२ तीव्रतेच्या त्या धक्क्यात सुमारे आठ हजार माणसे गेली.

मग शहरातून निकाल आला : मारेकरी म्हणजे खेड्यातील दगडमातीचे घर आणि त्यावर उतारा सिमेंटचा! हा निकाल अर्धाच खरा आहे. भिंतींनी माणसे मारली, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु कोणत्या भिंतींनी? आतबाहेर दोन थर, मध्ये चिखल आणि कपच्यांची भर, दोन्ही थरांना जखडणारा आरपार दगड मात्र नाही. वर माळवदावर गळती थांबविण्यासाठी वर्षानुवर्षे चढविलेली माती. भिंत फुगून कोसळली. पण अनेक ठिकाणी खणाचे लाकडी खांब आणि तुळया उभ्याच राहिल्या. म्हणजे जुन्या कारागिरीतले जे निष्ठेने पाळले गेले ते तगले, जे गहाळ झाले त्याने जीव घेतले. २००१ साली कच्छमध्ये गोल 'भुंगे' तगले, तेव्हा मात्र याच शहरी पंडितांना परंपरेचे कौतुक सुचले!

आरपार दगड घालणे, छतावरची माती उतरविणे, खांब-तुळयांना तिरके आधार देणे, ही कामे गावच्या गवंड्या-सुताराला जमण्यासारखी होती. घरे मजबूत करण्यासाठी शासनाने पैसेही दिले. अनेकांनी त्यातून शेजारी काँक्रीटची खोली उठविली; जुनी भिंत तशीच राहिली. दोष गावकऱ्याचा? गवंड्याला शिकविण्याऐवजी गवंडीच बाद ठरविल्यावर दुसरे काय होणार?

त्याहून मोठा अपराध नकाशाचा. दख्खनचा काळा पत्थर साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणून निर्धास्त, अशी समजूत रूढ होती. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेने तिला तडा दिला, तरी हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागातच राहिला. भूकंपानंतर किल्लारीजवळ ६१७ मीटर खोल छिद्र घेतले, तेव्हा सुमारे ३३८ मीटरवर काळा पत्थर संपला. खाली प्राचीन खडक लागला. उत्तरेकडे सरकणाऱ्या भारतीय भूखंडाचा ताण साठतो तो या खडकातील जुन्या भेगांत. पहिला विभाग रद्द व्हायला मात्र २००२ साल उजाडले. माकणीच्या निम्न तेरणा जलाशयाचा यात वाटा किती, यावर शास्त्रज्ञांत अद्याप मतभेद आहेत.

अभिमानाने सांगावे, तर वराहमिहिराने बृहत्संहितेत भूकंपावर स्वतंत्र अध्याय लिहिला. पण आपण त्याचे नाव घेतो, निरीक्षणाची सवय घेत नाही. १९९२ च्या ऑगस्टपासून किल्लारी परिसरात धक्के जाणवत होते. १८ ऑक्टोबरचा तर चांगलाच मोठा. वर्षभराचा तो इशारा धीराच्या शब्दांत विरला. २०२४ च्या मार्च आणि जुलैमध्ये हिंगोलीचे धक्के मराठवाड्याने अनुभवले. त्यानंतर किती ग्रामपंचायतींनी आपल्या गावातील माळवदे मोजली?