तऱ्हेवाईक कोण?



अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांचे दरबारगायक होते, याचा आपल्या कोल्हापूरला अभिमान आहे. पण त्यांची जयपूर-अत्रौली गायकी पुढे नेली ती मुख्यतः बायकांनी, हे आपण कितीदा बोलतो?

गोव्यातल्या कुर्डी गावच्या मोगूबाई कुर्डीकर (१९०४-२००१) खाँसाहेबांच्या शिष्या. पतीच्या निधनानंतर गाण्याच्याच बळावर त्यांनी मुलं वाढवली, शिष्य घडवले. त्यांच्याच कन्या किशोरी आमोणकर. आईची कडक तालीम किशोरीताईंनी पचवली, भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकरांकडूनही विद्या घेतली आणि मग घराण्याची चौकट ओलांडली. आलाप संथ केला. रागातल्या भावाला पहिलं स्थान दिलं. स्वतः बंदिशी बांधल्या, १९९० साली 'दृष्टी' चित्रपटाला संगीत दिलं. २०१७ साली त्या गेल्या. त्यांनी तयार केलेले शिष्य आजही गातात, शिकवतात.

पण लोकांच्या लक्षात काय राहिलं? त्यांचा राग! मैफलीत शांतता हवी, कलावंताचा मान राखा, असं त्या ठणकावून सांगत. बुवांनी दरडावलं की तो अधिकार. बाईंनी दरडावलं की तऱ्हेवाईकपणा! पुरुषाचा प्रयोग म्हणजे प्रतिभा, बाईचा प्रयोग म्हणजे आगाऊपणा.

हे फक्त गाण्यातच घडतं का? आपल्या बैठकीत वेगळी वाट सुचवणाऱ्या, अटी घालणाऱ्या मैत्रिणीला आपण काय म्हणतो? पुढच्या वेळी तो शब्द ओठावर आला, की जरा थांबूया. आधी तिचं म्हणणं पुरतं ऐकूया.