दारू नंतर आली

'एकच प्याला' म्हटलं की सगळ्यांना दारूच आठवते. साहजिक आहे, नावातच प्याला आहे. शाळेत मराठीच्या तासाला सुद्धा "मद्यपानाचे दुष्परिणाम दाखवणारे नाटक" एवढं एका ओळीत उरकून पुढच्या प्रश्नाला लागायचो. मध्यंतरी सुट्टीला घरी, म्हणजे चिंचपाड्याला गेलो होतो तेव्हा दोन दुपारी बसून ते पुन्हा सलग वाचलं. आणि आता माझं ठाम मत झालंय की हे नाटक दारूवर नाहीच. ते एका मानी माणसावर आहे. दारू नंतर येते.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. राम गणेश गडकऱ्यांचं हे नाटक रंगभूमीवर आलं १९१९ साली, गडकरी गेले त्यानंतर. गंधर्व नाटक मंडळीने केलं, बालगंधर्व सिंधू आणि गणपतराव बोडस सुधाकर. सुधाकर गरिबीतून स्वतःच्या बुद्धीवर वर आलेला वकील. सिंधू श्रीमंताघरची मुलगी. कोर्टात सुधाकरचा अपमान होतो, तो भडकतो, आणि त्याची सनद काही महिन्यांपुरती रद्द होते. लक्षात घ्या, काही महिन्यांपुरती! आजच्या भाषेत सांगायचं तर सस्पेन्शन. घरात बायको आहे, सासर खातंपितं आहे, जिवाला जीव देणारा रामलालसारखा मित्र आहे. कोणीही सांगेल की बाबा, दम धर, सहा महिने काय असे जातील. पण सुधाकरला ते सहा महिने काढता येत नाहीत, कारण ते काढायचे तर चारचौघात मान खाली घालून फिरावं लागेल. तिथे तळीराम पहिला प्याला पुढे करतो. दारू चढावी म्हणून नाही, तो सल विसरावा म्हणून.

पुढचं त्याहून वाईट आहे. घरात खायला नाही अशी वेळ येते, तेव्हा हा गृहस्थ सिंधूला शपथ घालतो की माहेरची एक पै सुद्धा घ्यायची नाही. ती बिचारी दळण दळून मूल सांभाळते. आता मला सांगा, ही शपथ दारूने घातली का? दारूच्या व्यसनी माणसाला तर सासऱ्याचे पैसे हवेच असतात! व्यसन म्हणेल घे, मान म्हणतो घेऊ नकोस. इथे मान जिंकलाय, आणि त्याची किंमत सिंधूने मोजलीये.

अज्ञान म्हणाल तर तेही नाही. दारूडा पायरी पायरीने कसा उतरत जातो ते सुधाकर रामलालला इतकं नेमकं समजावून सांगतो की आजच्या एखाद्या समुपदेशकानेही वही काढावी. त्याला सगळं कळतंय. एकदा तर तो दारू सोडतोसुद्धा! काम मागायला बाहेर पडतो. जुने ओळखीचे लोक तोंडावर हिणवतात, आणि तो परत गुत्त्याकडे वळतो, ह्या वेळी शेवटपर्यंत प्यायचं ठरवून. म्हणजे दोन्ही वेळा, पहिल्या प्याल्याला आणि परतीच्या प्याल्याला, आधी अपमान आहे आणि मग दारू. गडकऱ्यांनी हे चुकून केलं असेल असं मला तरी वाटत नाही.

इंग्रजी पुस्तकं वाचणारे मित्र म्हणतील, हं, म्हणजे ह्युब्रिस. पण गंमत बघा. जुन्या अथेन्समध्ये ह्युब्रिस हा चक्क गुन्हा होता, आणि त्याचा अर्थ "गर्व" असा नव्हता. दुसऱ्याची बेअब्रू करणं, आणि त्यात मजा घेणं, ह्याला ते लोक ह्युब्रिस म्हणत. त्या हिशोबाने पाहिलं तर ह्युब्रिस सुधाकरची नाही, त्याला हिणवणाऱ्यांची आहे. सुधाकरचं जे आहे त्याला आपल्याकडे वेगळाच शब्द आहे: मानी. आणि हा शब्द आपण शिवी म्हणून वापरत नाही. माज, ताठा, गुर्मी, घमेंड हे सगळे वाईट. पण "मुलगा मानी आहे हो" हे स्थळ बघताना कौतुकाने सांगतात! सगळा घोळ इथे आहे. रावणाचा गर्व लांबून ओळखू येतो, त्याला दहा तोंडं आहेत. मानीपणा आरशात सुद्धा सद्गुणासारखाच दिसतो.

'नटसम्राट'मध्ये (१९७०, शिरवाडकर) हेच जरा वेगळ्या बाजूने आहे. अप्पा बेलवलकर सगळं मुलांना देऊन टाकतात. देताना कसे राजासारखे देतात! देणं त्यांना जमतं. दिल्यानंतर घेणाऱ्याच्या बाजूला बसणं जमत नाही. मुलांची बाजू मी घेत नाहीये, मुलीच्या घरात आईबापांवर चोरीचा आळ येतो ते ऐकून कुणाचंही रक्त तापेल. पण रात्रीच्या रात्री घर सोडून जातात तेव्हा आपण अप्पांसाठी हळहळतो, आणि त्यांच्या मागून मुकाट निघालेल्या कावेरीला कुणी विचारलंय का असा प्रश्न आपल्याला पडत नाही. मला हल्ली पडतो.

आता चिंचपाड्याबद्दल सांगतो, कारण दारूची गोष्ट तिथल्या माणसाने काढावी हा जरा विनोदच आहे. सुरतेकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये बसलं की थोड्याच वेळात नवापूर येतं. त्या स्टेशनचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये, म्हणजे एका बाजूला दारूबंदी आणि दुसऱ्या बाजूला नाही. आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुलं वेचायला अख्खी घरं बाहेर पडतात. मोहाची दारू देवाला आधी, मग माणसांना. लग्नात, सणात, मयतीत. तिने घरं बुडालेली पण आहेत, उगाच रोमँटिक चित्र रंगवणार नाही. पण एक फरक मी लहानपणापासून बघितलाय. कुणाचं घर शाकारायचं असेल, भात लावायचा असेल, तर पाड्यावरची माणसं येतात, राबतात, आणि संध्याकाळी त्या घरी जेवण आणि मोहाची. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. तिथे दारू मदत घेतल्यानंतर येते. सुधाकरकडे ती मदत घ्यायची नाही म्हणून येते. बाटलीत फार फरक नसेल कदाचित, पण बसणाऱ्यांत आहे.

आणि ज्या माणसामुळे हे सगळं डोक्यात आलं तो दारूला शिवतही नाही. पुण्यातला मित्र, माझ्याच वयाचा, माझ्याहून हुशार कोडर. २०२३ मध्ये त्याच्या कंपनीने एका सकाळी कॉलवर बोलावून पंधरा मिनिटांत मोकळं केलं, आणि त्यातली दहा मिनिटं तू कसा कमी पडलास हे सांगण्यात घालवली. (अथेन्सवाल्यांनी केस लावली असती.) त्यानंतर दीड महिना हा पठ्ठ्या रोज सकाळी लॅपटॉपची बॅग घेऊन बाहेर पडत होता. कळल्यावर सासरे म्हणाले, फ्लॅटचे हप्ते आम्ही बघतो, नोकरी लागली की दे. हा म्हणाला, फ्लॅट विकीन पण तुमचे घेणार नाही. आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांनी वाहवा केली. एकाने तर "रिस्पेक्ट" असं लिहून हात जोडलेली चित्रं टाकली. दोन ठिकाणी थोड्या कमी पगारावर बोलावणं आलं, ते त्याने "माझ्या लेव्हलचं नाही" म्हणून नाकारलं.

हप्ते मात्र चुकले नाहीत. कसे, ते मला त्याच्या बायकोकडून समजलं, ती माझ्या बायकोची मैत्रीण आहे म्हणून. तिने पाटल्या आणि मंगळसूत्र गहाण टाकलंय, गळ्यात हल्ली खोटं घालते, आणि संध्याकाळी सोसायटीतल्या मुलांच्या शिकवण्या घेते. तो विचारतो तेव्हा वेळ जात नाही म्हणून घेते असं सांगते. त्याला काही कळता कामा नये अशी शपथ तिने आम्हाला घातली आहे.

पुढच्या शनिवारी तो घरी जेवायला येणार आहे. मी नाटकाचं पुस्तक टेबलावर काढून ठेवलंय. तो काही वाचायचा नाही, त्याला नाटकंबिटकं आवडत नाहीत. पण सासऱ्यांचा फोन नंबर मी मागून घेतलाय, आणि ह्या वेळी शपथ मोडायची असं आमचं नवरा-बायकोचं ठरलंय.